संमती उद्या येईल

ता. ९, रविवार

चिरंजीव भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. बापाने मुलाची माफी मागू नये म्हणतात, पण उशीर तो उशीरच. तू म्हणशील, रोज फोन तर होतो, मग पत्र कशाला? फोनवर तू बोलतोस आणि मी हो-हो करतो. तुझा आवाज चढला की माझ्या तोंडचं पाणी पळतं आणि सांगायचं ते राहून जातं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर किडामुंगीचं आहे. सूनबाईंकडून वाचून घे. त्यांना डॉक्टरांची अक्षरं लागतात, माझंही लागेल.

इकडे सगळं ठीक आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर असल्याने जिना चढताना मध्ये टेकावं लागतं. पाणी पहाटे येतं आणि बादली भरेपर्यंत जातं. घरमालकीण बाई स्वभावाने बरी, पण बाहेर पडताना दिवे बंद केलेत का, हे ती रोज विचारते. मला राग येत नाही, कारण मीसुद्धा अर्ध्या जिन्यातून परत येऊन गॅस बघतो. तुझी बारकी म्हणते, आबा, गॅसलाही आता तुमचा कंटाळा आला असेल.

माझ्या गुडघ्याचं तेल संपलं. इथल्या दुकानात तेच तेल मागितलं तर त्याने दुसरंच पुढे केलं आणि म्हणाला, तेच आहे. आपल्या औषधाच्या दुकानात असं होत नाही, हे मी त्याला सांगून आलो.

बारकीची तब्येत सुधारली आहे. हॉस्टेलच्या जेवणाने तिचं पोट बिघडलं, तेव्हा तू ही खोली घेऊन मला तिच्याकडे पाठवलंस. दोन कामं दिली होतीस. तिला वेळेवर जेवू घालायचं आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं. पहिलं काम चोख झालं आहे. दुसरंही झालं, पण तुला हवं तसं नाही.

काल फोनवर तू म्हणालास की बारकीच्या औषधशास्त्राच्या पदवीसाठी फ्रेम करून आणली आणि गल्ल्याच्या वर खिळाही ठोकून ठेवला. पदवी मिळायला अजून किती काळ आहे, तरी खिळा ठोकला. ती माझ्या शेजारीच बसली होती. तुझा आवाज फोनबाहेर ऐकू येतो. ती उठून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर घालत बसली. तेव्हाच मी ठरवलं, आता लिहायचंच.

भाऊ, ती खिळ्यावरची पदवी येणार नाही. बारकीने ते कॉलेज सोडलं आहे. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या कॉलेजात तिने भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र घेतलं आहे. वर्ष एक मागे पडलं. पहिल्यापासून सुरुवात आहे. फीचं मी बघतो, ते तुझ्याकडे मागायला हे पत्र नाही.

आता पाणी पी आणि मग पुढे वाच. सूनबाई, त्याला पाणी द्या.

मला कसं कळलं ते सांगतो. रोज सकाळी ती पांढरा एप्रन पिशवीत घालून निघायची. धुवायला मी घ्यायचो. औषधं कुटून, घोटून आलेल्या माणसाच्या कपड्याला वास येतो, डाग पडतात. हिचा एप्रन घडी मोडल्यासारखाही दिसेना. मला वाटलं, पोरीचं भलतंच काही चाललंय. दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी विचारलंच. म्हटलं, तू कुठे जातेस? ती म्हणाली, वर्गातच जाते आबा, फक्त दुसऱ्या कॉलेजच्या. मागच्या बाकावर बसून ती भौतिकशास्त्राचे तास ऐकत होती. तिथल्या मुख्य बाईंनी तिला पकडलं, फळ्यावर बोलावलं, आणि हाकलून द्यायच्या ऐवजी सांगितलं की परीक्षा देऊन रीतसर ये. ती परीक्षा ती पास झाली होती आणि ते कुणाला सांगावं म्हणून माणूस शोधत होती. तिच्या नशिबी मी होतो.

मी तिला खूप बोललो. तू बोलला असतास ते सगळं बोललो. खगोल शिकून पोट भरतं का, असंही म्हणालो. तिने वाद घातला नाही. मला विचारलं, आपल्या दुकानाच्या शटरला कडी काढल्यावर चौकोनी भोक राहिलंय ना?

तुला आठवत असेल. करंगळीचं टोक जाईल एवढं. दुपारी दुकान बंद करून आपण आत जेवायला बसायचो, तेव्हा त्यातून ऊन येऊन समोरच्या कपाटावर उजेडाचा गोल पडायचा. बारकी लहान असताना तुला विचारायची, भोक चौकोनी आणि उजेड गोल, असं का? तू म्हणायचास, रिकाम्या बाटल्या मोज. मी म्हणायचो, तुझ्या बाबांना विचार.

तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला चौकोनी भोक पाडलं आणि खिडकीत लावला. बाकी खिडकी चादरीने झाकली. लांबच्या भिंतीवर गोल. मग तिकोनी भोक पाडलं. गोलच. मी म्हणालो, फसवतेस. मी स्वतः कात्रीने वाकडंतिकडं, उंदराने कुरतडल्यासारखं भोक पाडलं. तरी भिंतीवर गोलच आला. मग ती म्हणाली, आबा, तो भोकाचा आकार नाही. तो सूर्य आहे. भोकातून सूर्याचं चित्र भिंतीवर पडतं.

भाऊ, मी चौथी शिकलेला माणूस. तिने पुढे रेघा काढून समजावलं, त्यातलं अर्धं मला कळलं नाही. पण एवढं कळलं की रोज दुपारी आपल्या कपाटावर सूर्य येऊन बसत होता आणि मी त्याच्यावरून फडकं फिरवत होतो. आणि आपल्या घरात एकच माणूस असं निघालं की ज्याला हा प्रश्न पडला आणि ज्याने तो सोडला नाही. अशा माणसाला बाटल्या मोजायला बसवायचं का? तू बसवशील. मी बसवणार नाही.

मग मी मुख्य बाईंना भेटायला गेलो. आणि तिथे माझं जे झालं, ते तुलाच सांगण्यासारखं आहे. तुला ठाऊक आहे, गिऱ्हाईक लाजून काही मागायला आलं की आपण काउंटरवर वाकून खालच्या आवाजात बोलतो. मी सवयीने बाईंच्या टेबलावर वाकलो आणि हळूच म्हणालो, नातीला खगोल शिकायचंय. बाईंनीही आवाज खाली केला आणि विचारलं, कधीपासून त्रास आहे? मी म्हणालो, लहानपणापासून. बारकी तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग बाईही हसल्या. त्या हसण्याने मला जरा धीर आला.

एवढ्यात बाईंनी सरळच विचारलं, वडिलांची संमती आहे ना?

तूच लावलेला नियम आहे. गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. माल नसला तर ‘उद्या येईल’ म्हणायचं आणि मग घाऊकवाल्याकडे माणूस पिटाळायचा. इतकी वर्षं मी तेच बोलत आलो. तोंडातून निघून गेलं, उद्या येईल.

बाईंना वाटलं, तू उद्या येणार. त्या म्हणाल्या, उत्तम, येऊ द्या, मला त्यांच्याशी बोलायचंच आहे. तेव्हापासून मी रोज त्यांना टाळतो आहे. कॉलेजच्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. बारकीचं नाव तिथे तात्पुरतं लागलं आहे. पक्कं करण्याआधी बाईंना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. त्या म्हणतात, घरच्यांच्या मनाविरुद्ध आलेल्या मुली मध्येच उचलून नेल्या जातात, जागा वाया जाते, पोर वाया जाते. त्यांचंही चुकत नाही.

तू आता म्हणशील, नाही पक्कं झालं तर जुन्या कॉलेजात परत जाऊ दे. तिथली जागा गेली, भाऊ. आणि ती बारकीने सोडली नाही. हे लिहायला मी दोन पानं घेतली, आता लिहितोच.

जागा सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. ऑफिसच्या पायरीशी ती थांबली. म्हणाली, “आबा, चला परत. लायसन्सवाले काका दुकानात येऊन पाय पसरून बसतात, बाबा त्यांना चहा देतात, ते मला बघवत नाही. मी हे पूर्ण करते. नंतर बघू.”

मला तुझं दुखणं कळत नाही असं समजू नकोस. दुकान आपलं, राबणूक आपली आणि लायसन्ससाठी भिंतीवर पदवी त्या माणसाची. महिन्यातून एकदा येऊन सही करतो आणि गोळ्यांच्या डब्या उलटसुलट करून आपल्यालाच शिकवतो. तुझ्या मनात काय होत असेल ते मी रोज पाहिलं आहे. तू पोरीवर जुलूम करतोस असं मी म्हणत नाही. पण तिने ‘नंतर बघू’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. ते दोन शब्द म्हणताना तिचा चेहरा वठल्यासारखा झाला, तू पाहिला नाहीस. मी म्हणालो, “तू बस पायरीवर. मी बघतो.” आणि मीच आत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने बजावलं की आजोबा, एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही. मी म्हणालो, ठाऊक आहे, काढा नाव. तिची सही घ्यायला त्याने तिला आत बोलावलं, तेव्हा ती रडत होती. सही तिने केली, पण ढकललं मी.

तेव्हा ओरडायचं तर माझ्यावर ओरड. राखणदारच चोराला मिळाला म्हण. म्हातारा चळला म्हण. आयुष्यभर मी भिऊन वागलो, दोन कुलपं लावून तिसरं ओढून बघणारा माणूस मी. हे एकच काम मी न भिता केलं, आणि पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन.

फोनवर तू विचारायचास, अभ्यास चालू आहे ना? मी हो म्हणायचो. ते खोटं नव्हतं. कशाचा, ते तू विचारलं नाहीस.

दुकानाचं काय, हा तुझा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बारकीने देऊ नये. सूनबाई, हे तुम्ही वाचताय, म्हणून इथेच लिहितो. बारावी शास्त्र चांगल्या मार्कांनी पास होऊन तुम्ही या घरात आलात. डॉक्टरची चिठ्ठी हातात येताच कोणतं औषध कोणत्या औषधासोबत द्यायचं नाही, हे तुम्ही भाऊच्या आधी सांगता. घरात शिकणारं माणूस हवं होतं, तर इतकी वर्षं तुम्हाला कुणी विचारलं का? मीही विचारलं नाही. आता विचारतो. तुम्ही दोघं बोला. पण तो खिळा आहे म्हणून कुणालाही तिथे टांगू नका.

दुर्बिणीवरचं काम कॉलेजच्या गच्चीवर, अंधार पडल्यावर असतं, हे मी लपवत नाही. तुला काळजी वाटेल, मला तर तुझ्याहून जास्त वाटते. मी जाऊन खालच्या ओट्यावर बसेन. स्वेटर आहे, थर्मास घेतला आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी ओळख काढली आहे. त्यालाही गुडघ्याचा त्रास आहे.

भाऊ, तू ये. बाईंसमोर बस आणि तुला जे म्हणायचं ते म्हण. हो म्हणालास तर तिचं नाव पक्कं होईल. नाही म्हणालास तर पोरगी दोन्हीकडून जाईल, आणि मग ती तुझ्या दुकानात बसेल आणि आपण दोघं तिच्याकडे बघायचं. तिला घरी न्यायला येणार असशील, तर आधी या दारात माझ्याशी बोलावं लागेल. मी बाजूला होणार नाही. तुझ्यापुढे मी कधी असा उभा राहिलो नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी कळवतो.

बाई पुढच्या आठवड्यात नावांची यादी लावणार आहेत. त्याआधी कळव. येतोस की नाही, एवढंच लिही. रागाने लिही, शिव्या लिही, चालेल. पण गप्प बसू नकोस. जिन्यावर कुणाचीही पावलं वाजली की बारकी वही मिटून उभी राहते. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात आणि ती तशीच उभी असते. मी तिला बस म्हणतो, पण ते सांगणं माझं नाही. लवकर कळव.

तुझा बाप,
आणि तू येईपर्यंत तिचाही.