न केलेलं अपील

प्रिय अण्णा,

विलायतेच्या व्हिसाला आज दुसऱ्यांदा नकार आला. पहिल्या पत्राच्या शेवटी ‘अपील करता येईल’ असं होतं, यात ती ओळसुद्धा नाही. तुम्ही असतात तर चष्मा पुसून तीनदा शोधली असतीत. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

अपिलाचा हक्क काढून घेणाऱ्या कायद्यावर त्यांच्या पार्लमेंटात वाद चालला होता, त्याची तुम्हाला केवढी काळजी! अंबरनाथच्या कारखान्यातून येताना साहेबांचे इंग्रजी पेपर मागून आणायचात. मंत्री म्हणे, सहा महिन्यांच्या कोर्सला अपील कशाला, निकाल लागेतो कोर्सच संपतो, त्यापेक्षा पुन्हा अर्ज करा. तुम्ही पेपरलाच झापलंत, "मग निकाल लवकर लावा ना! हक्क कशाला काढून घेता?" आई म्हणाली, "अहो, हळू! कॅम्प पाचच्या आपल्या घरातून तिकडं ऐकू जातंय होय?"

आणि माझ्यामागे रोजचा धोशा. "सुमे, कायदा व्हायच्या आत अपील टाक. घाबरतेस कशाला?"

घाबरतच होते, अण्णा. तुम्हाला वाटलं, आळस.

आपला पी.पी. नंबर म्हणजे खालच्या वासूमलकाकांच्या दुकानातला फोन. पहिल्या अर्जाच्या वेळी त्यावर व्हिसा ऑफिसातून चौकशी आली तेव्हा तुम्ही चप्पल न घालता धावलात. वर येऊन म्हणालात, "साहेबाला सांगितलं, पोरगी हुशार आहे, आता तिथंच सेटल होणार!" मागोमाग काका पेढे घेऊन आले. "वाह साईं, बेटी लंडन में सेट!"

कौतुक कुणासमोर करावं, काही धरबंध? पोरगी परत येणार नाही, हीच तर व्हिसावाल्यांना भीती!

नकाराच्या पत्रात तेच कारण होतं, वडिलांनी स्वतः तसं सांगितलं. मी तुम्हाला म्हटलं, कागद कमी पडले. पत्र लपवलं. अपील केलं असतं तर तुमचाच जबाब लागला असता, तुमचं वाक्य तुमच्याच पुढ्यात आलं असतं. ते कसं करणार होते मी? मुदत जाऊ दिली. मग कायदा झाला. मग तुम्ही गेलात, माझ्यावर चिडूनच.

आजच्या पत्रातही तेच वाक्य आहे. कापड रंगाईचा तो कोर्स आता मला मिळायचा नाही. पुन्हा अर्ज करायची उमेदही नाही. मी सहा महिन्यांनी परत येणारच होते, अण्णा. मला एकदा विचारायचंत तरी!

आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "ह्यांनी जीव तोडून सांगितलं, पण पोरीनं आळस केला." सांगू दे. त्या फोनमुळेच नकार आला, हे मी तिला कधीच कळू देणार नाही. वचन देते. या घरात मी आळशीच राहीन.

तुमची,
सुमा