चेचीच्या गोळ्या आणि माझा टीएसएच

पाला,
बुधवार, सकाळची कॉफी झाल्यावर

आदरणीय थोरल्या बहिणीस, अच्चाम्मा चेचीस,

प्रभू ईशोमिशिहाची स्तुती असो. मस्कतमध्ये तुम्ही सगळे सुखरूप असाल, सूनबाई आल्फी वेळेवर जेवू घालत असेल आणि तुझं ब्लडप्रेशर तुझ्या आवाजाइतकं वर गेलं नसेल, अशी आशा करते. मी बरी आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी तोंड उघडेपर्यंत तू औषध सांगून मोकळी होतेस. साहजिकच आहे. इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीत तीस वर्षं बसलेल्या बाईला डॉक्टरपेक्षा कमी कसं कळेल? कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

चार वर्षं मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची शंभरची गोळी घेत होते आणि आमचं दोघींचं (माझं आणि गोळीचं) उत्तम चाललं होतं. ओणमच्या सुमाराला केस जरा जास्त गळू लागले आणि ते मी तुला सांगितलं. माझी चूक एवढीच. आठ दिवसांत मस्कतहून सुट्टीवर आलेल्या शेजारच्या नर्सबाईच्या सामानातून तुझी केसांच्या गोळ्यांची बाटली आली. बाटली कसली, आंब्याच्या लोणच्याची बरणी होती ती. रोज एक, असा तुझा हुकूम. मी घेतली. तुझं न ऐकून कोण जिवंत राहिलंय?

पुढच्या रक्ततपासणीत थायरॉइडचा तो टीएसएच एकदम तळाला. (या टीएसएचचा कारभार उलटा. तो वर गेला तर गोळी कमी पडतेय, खाली गेला तर जास्त होतेय.) डॉक्टर जयलक्ष्मींनी शंभरची पंचाहत्तर केली. दोन महिन्यांनी पाहिलं तर तो आणखी खाली. पंचाहत्तरची पन्नास झाली. रिपोर्ट वाचला तर वाटावं, बाई घोड्यासारखी उधळलीय, काटकुळी झालीय, हिला झोप नाही. आणि प्रत्यक्षात बाई भर एप्रिलात स्वेटर घालून बसलेली, अंग सुटून ब्लाउजचा हूक लागत नाही म्हणून रडणारी, आणि एरट्टुपेट्टाच्या बसमध्ये झोपून दोनदा शेवटच्या थांब्यावर उतरवली गेलेली. केस तर मूठमूठ जात होते. ते तुला कळवलं, तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "मग दोन घे." मी दोन घेऊ लागले.

चर्चच्या गायनात काय झालं ते तुला कोणीतरी कळवलं असेलच. बावीस वर्षं मी पहिल्या ओळीत गाते. आवाज इतका घोगरा झाला की सणाच्या तालमीला आपले फादर, विकारी अच्चन, हळूच म्हणाले, "शोशाम्मा, यंदा तुम्ही मेणबत्त्यांकडे बघा." वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाले. मी नाही घेतलं. फक्त घरी येऊन कप्पाचे कंद सोलताना तासभर रडले, आणि इच्चायन (तुझे लाडके भावोजी) मला कांदा कुठे आहे ते विचारत राहिले.

पण शेवटी त्यांनीच मला पुलापलीकडच्या दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. त्याच सकाळी दोन्हीकडे रक्त दिलं. जुनी लॅब म्हणाली, शून्य पूर्णांक शून्य आठ. नवी म्हणाली, बावीस. इच्चायननी पहिल्या लॅबला चोर ठरवलं, मग दुसरीलाही, मग सरकारला, आणि दोन्ही कागद डॉक्टरबाईंच्या टेबलावर आपटले.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. मग विचारलं, "याशिवाय आणखी काय घेता?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही कसं? घरी टेबलावर पूर आलाय बाटल्यांचा," इच्चायन म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या एखादी गोष्ट लक्षात आल्याचा हा पहिलाच प्रसंग.

दुपारी पिशवी भरून सगळं नेलं. बाईंनी वैद्यांचं अरिष्टम बाजूला ठेवलं, माशाचं तेल बाजूला ठेवलं आणि तुझी बरणी चष्म्याजवळ नेऊन वाचली.

"यात बायोटिन आहे, आणि भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "यानं तुमच्या थायरॉइडला काही केलं नाही. यानं मशीनला फसवलं, मशीननं मला फसवलं, आणि मी तुमची गोळी निम्मी केली. सगळ्या मशीन फसत नाहीत, म्हणून हे दोन आकडे. मीही आधी विचारायला हवं होतं."

म्हणजे गंमत बघ. गोळी कमी झाली म्हणून केस गळत होते, केस गळत होते म्हणून मी तुझ्या गोळ्या वाढवत होते, आणि त्या वाढल्या म्हणून रिपोर्ट माझी खरी गोळी कमी करायला लावत होता. तुझ्याशिवाय इतकं नेटकं काम कोणाला जमलं असतं?

बरणी बंद केली. आठवड्यानं दोन्ही लॅबचे आकडे जुळले, दोन्हीकडे वरचेच. बाईंनी गोळी हळूहळू शंभरवर नेली. परवाचा टीएसएच तीन. सरळ, कंटाळवाणा तीन. रविवारी मी गायले, दुसऱ्या ओळीत का होईना.

सर्वांना माझा नमस्कार आणि मुलांना पापे.

तुझी धाकटी,
शोशाम्मा

ता.क. तुला दुखवायला हे लिहिलेलं नाही. थोडं दुखलं तर चालेल.

ता.क. २ खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. परवा तू बोलण्याच्या ओघात सांगितलंस की तुझ्याही डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी निम्मी केलीय, पाय जड झालेत आणि गाडी चालवताना सिग्नलला डोळा लागला. तू ते वयावर ढकललंस. चेची, त्याच गोळ्या तूही घेतेस, आणि माझ्याआधीपासून. डॉक्टरांकडे जा, पर्समध्ये बरणी घेऊन जा, आणि तोवर गाडीला हात लावू नकोस. आल्फीला मी कालच फोन केलाय. गाडीची किल्ली आता तिच्याकडे आहे. रागवायचंच असेल तर तुझा खरा आकडा आल्यावर रागव.