दंडाला लावलेली नळी

३ नोव्हेंबर
मलकापूरहून सकाळच्या एसटीने आले. राधानगरी रस्त्यावरचं हे प्रशिक्षण केंद्र नवं आणि स्वच्छ आहे. खिडकीतून उसाचे तुरे दिसतात. महिन्याभराने आमची तुकडी युद्धभागातल्या मुलांच्या इस्पितळात जाईल. मी रक्तपेढीची तंत्रज्ञ. सरावासाठी मुलांएवढ्या रबरी बाहुल्या आहेत, जखमांसकट. स्वयंपाकाच्या चिमणाबाईंनी तांबडा रस्सा दोनदा वाढला. म्हणाल्या, पावणं, लढाईला निघालासा, अंगात रगत नको व्हय? बरं वाटलं.

५ नोव्हेंबर
पहिला सराव. माझ्या वाट्याची बाहुली म्हणजे स्फोटात मांडी फाटलेला मुलगा, वय साधारण चार. अशा मुलाला वजनकाट्यावर ठेवता येत नाही. डोक्यापासून रंगीत पट्टी लावायची. टाच ज्या रंगात येईल त्यावरून वजन, वजनावरून औषध आणि रक्त. टाच पांढऱ्यात आली.
साठा संपलाय असं धरून प्रशिक्षक हंबीरराव सरांनी विचारलं, रक्त कोण देणार? तिथे सोबतचाच कुणीतरी देतो. माझा गट ओ निगेटिव्ह, कुणालाही चालणारा. मी म्हणाले, लागेल तेवढं मी देईन. रिकामी नळी चिकटपट्टीने माझ्या दंडाला लावली. सुई नव्हती.
सराव संपल्यावर मी त्याला पांघरूण घातलं. चिमणाबाई हसल्या. रबराला थंडी वाजतीया व्हय?

६ नोव्हेंबर
नळीत लाल थेंब. सरांना वाटलं मी रंग भरला; शाबासकी दिली. माझ्या दंडावर टोचल्याची खूण आहे. टोचलेलं आठवत नाही.

९ नोव्हेंबर
टाच निळ्यात, म्हणजे पांढऱ्याच्या पुढच्या, जास्त वजनाच्या रंगात. पट्टी तीच. पुन्हा मोजलं, निळाच. सर म्हणतात रबर ताणतं. पण वजन वाढलं की रक्तही जास्त लागतं. माझं हिमोग्लोबिन बारावरून नऊवर आलंय.
चिमणाबाई चहा घेऊन आल्या, त्याच्या कपाळाला हात लागला, आणि किटली तिथेच ठेवून बाहेर गेल्या. दारातून म्हणाल्या, "बाई, अंग ऊन हाय त्येचं."

१२ नोव्हेंबर
टाच आता नारिंगीत, निळ्याच्याही पुढे. घरी जायला निघाले. फाटकापाशी चक्कर आली. उचलून आणलं. रिकामी खाट सरावाच्या दालनातच होती. त्याच्या शेजारी. नळी मी लावलेली नाही. काढली की पुन्हा असते.

१३ नोव्हेंबर
हिमोग्लोबिन सात. माझे ओठ पांढरे. त्याचे गुलाबी.

१४ नोव्हेंबर
नळीला चिमटा लावला. थांबलं.
तो पांढरा पडतोय. मांडीतून चादरीवर— हे रबर नाही. श्वास तुटक. असा श्वास म्हणजे फार वेळ नाही, हेच आम्हाला शिकवलंय. सरांना हाक मारली. आवाज निघत नाही. तो रडतही नाही, फक्त बघतो. चिमटा काढला तर माझं—
काढला.
गालावर रंग येतोय. पलीकडच्या खाटेवरच्या रबरी मुलीनेही हात पुढे के—