हिरव्या टोपीची कोंबडी

हॉलिवूड, ९ मे १९३८

तीर्थरूप लिओटा मावशीस,

तुझ्या ऑरिनचा मनापासून नमस्कार (कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलाय, तो शाईचा आहे, जॅमचा नाही). तुझा गुडघा कसा आहे? पियानो शिकायला येणाऱ्या मुली अजून तशाच बडवतात का? मी ठीक आहे. वेळेवर जेवतो, मोजे रोज बदलतो. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पत्राला उशीर झाला त्याला कारण एक कोंबडी. आमच्या नव्या सात मिनिटांच्या व्यंगचित्रपटात एका कोंबडीचं पिल्लू पेटी घेऊन आगगाडीत बसतं आणि शहराकडे निघून जातं. त्याचा खाऊ घरीच राहिलेला असतो, तो घेऊन आई गाडीमागे धावते, आणि गाडी सुटते. एवढीच गोष्ट. कुणाच्या वाट्याला पिल्लू आलं, कुणाच्या स्टेशनमास्तर बोकड, माझ्या वाट्याला कोंबडीची चाल. तीन आठवडे मी ती काढत होतो आणि ती काही चालत नव्हती. म्हणजे पाय हलायचे, पण बघणाऱ्याला तिच्याबद्दल काहीच वाटायचं नाही. आमचे दिग्दर्शक हॅस्केलसाहेब (माणूस वाईट नाही, पण त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही) शेवटी म्हणाले, "ऑरिन, शुक्रवारपर्यंत ही बाई चालायला लागली नाही, तर तू चालायला लाग." मावशी, ही नोकरी गेली तर मला दुसरं काही येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

म्हणून मी सरळ एक जिवंत कोंबडी आणली. आता आमचं टेबल म्हणजे मधे काच आणि काचेखाली दिवा. खालच्या कागदावरचं चित्र उजेडात वर दिसतं, त्यावरून पुढचं काढायचं. दिव्यानं काच छान ऊबदार राहते. हे मला ठाऊक होतं, कोंबडीच्याही लगेच ध्यानात येईल असं वाटलं नव्हतं. बाईंनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, काचेवर चढून बसल्या आणि दोन दिवस हलल्या नाहीत. चौदाव्या प्रसंगाच्या कागदांवर त्यांनी अंडंही घातलं. व्हर्ना (आमची चित्रं पारदर्शक तावांवर उतरवून रंगवणाऱ्या मुलींपैकी एक, हातांत पांढरे मोजे, जिभेला धार) ते बघून म्हणाली, "चला, तीन आठवड्यांत या टेबलावर काहीतरी झालं म्हणायचं."

बुधवारी कोंबडी परत पाठवली आणि मी खिडकीशी बसून राहिलो. पलीकडच्या बागेतल्या संत्र्याच्या फुलांचा वास येत होता, पेन्सिल बोटांत होती, आणि मी कुठेच नव्हतो (तू म्हणायचीस ना, हा पोरगा इथे बसतो आणि दुसरीकडे राहतो). आमच्यात रिवाज असा, की जे काढायचं ते आधी स्वतः करून बघायचं. इथे मोठमोठी माणसं बोळात बदकासारखी चालतात आणि कुणी वर बघत नाही. तसा मीही उठलो आणि चालू लागलो. एक हात आपोआप डोक्यावर गेला, जणू टोपी उडत होती. दुसऱ्या हातात पुडकं असल्यासारखी बोटं वळली. मान ताठ, पाय घाईत; जिला धावणं शोभत नाही अशी बाई धावते तसा मी बोळाच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथे उगीच थांबलो. मग येऊन दोन दिवस काढत राहिलो. काय काढलं ते नीट आठवत नाही, झोपेत वाटेनं चालावं तसं झालं.

शुक्रवारी छोट्या अंधाऱ्या खोलीत नुसत्या पेन्सिलच्या, अजून न रंगवलेल्या चित्रांचं रीळ लावलं. कोंबडी पडद्यावर आली आणि हॅस्केलसाहेब म्हणाले, "हिला टोपी कुणी घातली?" तेव्हा कुठे मला दिसली. नमुन्याच्या चित्रात कोंबडी बोडकी, आणि माझ्या दोनशे बारा चित्रांत, एकूण एक चित्रांत, टोपी. टोपीवर एक चेरी, ती दर पावलाला जराशी मागाहून हलते. मी म्हणालो, "मी नाही साहेब. बाहेर पडताना ती घालतेच." सगळे हसले. मग कुणी हसेना. साहेबांनी रीळ तीनदा लावायला सांगितलं आणि चौथ्यांदा चष्मा पुसत म्हणाले, "राहू दे टोपी. तूही राहा." व्हर्नानं रंग विचारला तेव्हा मी विचार न करता हिरवा म्हणून बसलो. याला आता दोन महिने झाले; रंग चढून, फिल्म होऊन कोंबडी गावोगाव निघालीय.

तर अशी मजा. तब्येतीला जप, गुडघ्याला शेक देत जा.

तुझाच,
ऑरिन

ता. क. या शनिवारी आपल्या गावच्या चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी आमची कोंबडी लागणार आहे. हवा थंड असेल, तू घरीच बस. अगदीच गेलीस तर ती हिरवी टोपी, चेरीची, घालू नकोस. चर्चमधल्या बायका तुझ्या मागच्याच रांगेत बसतात. मी मुद्दाम नाही केलं मावशी, शपथ.

पुन्हा ता. क. व्हर्नानं खांद्यावरून वाचलं आणि मला भित्रा म्हणाली. तिचं बरोबर आहे. जा. पहिल्या रांगेत बस, आणि टोपी घालून जा.

आणखी एक, मग पत्र बंद करतो. मी गाव सोडलं त्या दिवशी तू फलाटाच्या टोकाला थांबलीस. बिस्किटांचं पुडकं तुझ्याच हातात राहिलं. तू नखाएवढी होईपर्यंत मी खिडकीतून बघत होतो, हात मात्र हलवला नाही, रडू येईल म्हणून. आमच्या गोष्टीतही कोंबडी मागेच राहायची होती. ते मला काढवेना. मी अकरा चित्रं जास्तीची काढली. पडद्यावर धड एक सेकंदही होत नाही, पण तेवढ्यात ती गाडीत चढते. साहेबांनी पाहिलं आणि ती चित्रंही रंगवायला पाठवली. लिफाफ्यात तिकीट आहे, खालचा बर्थ आहे. गाडी आपल्या स्टेशनात चार मिनिटं थांबते, धावावं लागणार नाही. येताना बिस्किटं आण.