पुस्तकांखालची रोपं

बाबा,

वनस्पतीशास्त्राच्या पीएचडीच्या मुलाखतीला निघालेय, उद्या येईन. मी बँकेची नोकरी नाकारल्यापासून तुम्ही अबोला धरलाय, म्हणून ही चिठ्ठी. भाजी गॅसवर आहे, गरम करून घ्या.

माझी रोपं रद्दीत घालून जाड पुस्तकांखाली वाळत ठेवलीत. ओलसर कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी धरते. गेला आठवडाभर तापात मी साफ विसरले. मेहनत पाण्यात गेली असं धरूनच आज पुस्तकं उचलली, तर एकही पान काळं पडलं नव्हतं. कागद सगळे ताजे, आठवड्यातलेच. प्रत्येकावरचं शब्दकोडं तुमच्या अक्षरात सोडवलेलं.

वाळलेली नेतेय, ओली तिथेच आहेत. आजचा पेपर टेबलावर ठेवलाय. आधी कोडं सोडवा, मग कागद बदला.