अमावास्येला सापडलेला तारा

तीर्थस्वरूप सयाजीमामांस,

कळंबोलीहून भाचा रणजीत याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे आहोत. (“सुखरूप” लिहिले होते, पण ते खरे नाही म्हणून खोडले.) दोन कागद फाडून झाले. हा तिसरा कागद आहे.

आईने फोनवर तुम्हाला अर्धेच सांगितले, म्हणून पहिल्यापासून लिहितो. खारघरचे सुधीरकाका (आमच्या वजनकाट्याचे जुने मॅनेजर, आता निवृत्त) यांनी सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण बसवली आहे. परवानगीला आठ महिने लागले, कारण समोरच्या बिल्डिंगला वाटले की ती त्यांच्या स्वयंपाकघरात वळेल. काका दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या फार लांबच्या वसाहतींचे, फोटो काढतात आणि मी दुपारी डबा खाऊन ते काट्यावरच्या कॉम्प्युटरवर तपासतो. काम आमचेच आहे, मामा. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा केले की माल उरतो. नव्या फोटोतून जुना वजा केला की नवीन असेल तेवढे उरते. चौदा महिने काहीच उरले नाही. परवा सोमवारी एक ठिपका उरला.

माझा घास हातातच राहिला. आधी स्क्रीन ओल्या फडक्याने पुसली. मग दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला. ठिपका तिथेच, जागचा हललेला नाही. म्हाताऱ्या ताऱ्याचा स्फोट. सुपरनोव्हा! काकांना फोन लावला. ते लेकीकडे बंगळूरला जायला विमानतळावर होते. म्हणाले, “रणजीत, तीनदा तपास आणि नव्या ताऱ्यांच्या जागतिक यादीकडे लगेच नोंद पाठव. जगात जो आधी कळवतो त्याचंच नाव लागतं. आपल्या दोघांचं टाक.” मामा, बारावीत नापास झाल्यापासून माझे नाव काट्याच्या पावतीखेरीज कुठे छापलेले नाही.

आणि इथेच घात झाला. कॅलेंडरात अमावास्या होती. आईचे तुम्हाला ठाऊकच आहे, अमावास्येला नवे काही सुरू करायचे नाही. (भावाला फोन करायला मात्र तिला अमावास्या आड आली नाही.) अमावास्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी संपत होती. नऊ पाचला मी नोंद पाठवली. थोड्याच वेळात कळले की हाच तारा सोमवारी संध्याकाळी सात चाळीसला जपानमधल्या दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी कळवलेला आहे. मी सुन्न होऊन बाहेर गेलो आणि मटकन खाली बसलो. खुर्चीवर नव्हे, काट्यावर. आत मशीनवर बसलेला कुंदन ओरडला, “ओ शेठ, साठ किलो भरले! उठा आता, मागे ट्रेलर उभा हाय!”

काकांना सांगितले. ते ओरडले, “अमावास्या? अरे, चंद्र नसतो म्हणून अमावास्येलाच तर आपलं काम चालतं! चार कोटी वर्षांपूर्वी फुटलाय तो तारा, आणि तू त्याचा मुहूर्त काढत बसलास?” तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत.

आईवर रागावू नका. जुन्या वळणाची आहे. मामींना नमस्कार, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
रणजीत

ता. क. : तुम्ही एसटी स्टँडासमोर माझा फ्लेक्स लावल्याचे तुमच्या लेकीच्या, उत्कर्षाच्या, स्टेटसवर पाहिले आणि पुन्हा खाली बसलो. “ताऱ्याचे जनक रणजीतभाऊ.” माझ्या फोटोपेक्षा तुमचा फोटो मोठा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पत्र मिळताच तो उतरवा.

ता. क. २ : मामा, आईने अडवलेच नव्हते. मीच घरी फोन करून विचारले, तर म्हणाली, “तारा काय कॅलेंडर बघून फुटला व्हय? दे धाडून.” अमावास्या मी पाळली. एवढे मोठे नाव लागायचे आणि काही चुकायचे, अशी भीती वाटली. काकांना मात्र मी आईचे नाव सांगितले. ते तिला कळले, तर म्हणते, “बरं केलंस. माझ्यावर कोण किती रागावणार?” रविवारी काका परत येतील, तेव्हा ती चकल्या घेऊन खारघरला माफी मागायला जाणार आहे. भाजणी दळून आणली आहे. कृपा करून त्याआधी तुम्ही काकांना फोन करा आणि खरे सांगा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. ते उचलत नाहीत असे वर लिहिले, तेही खरे नाही. पहिल्या रिंगला उचलतात. मीच “राँग नंबर” म्हणून ठेवतो.