पाणी मारलेलं माप

प्रिय बाबा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. तुम्हाला मध्येच तोडायची सवय होती.

१. सोमवारी यवतमाळला तुमची बायपास झाली.
२. बुधवारी तुम्हाला वॉर्डात आणलं आणि लघवीची नळी काढली. पुढचं माप आईने मगात घेऊन नर्सला सांगायचं होतं.
३. गुरुवारी दुपारी आईने सांगितलं, सहा तासांत अडीचशे मिली.
४. शुक्रवारी सकाळी तुम्ही गेलात.

आज लिहिते आहे, कारण काल तुमच्या कपड्यांच्या घड्या घालताना आई सहज बोलून गेली. "तुहे बाबा म्हणे, मगात थोडं पाणी टाक. पोरीचा कागद चांगला दिसला पाह्यजे." वर हसलीसुद्धा. त्याने काय झालं, हे तिला माहीत नाही.

तो कागद मी भरत होते. त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझं काम तेच आहे. रक्तातले आकडे, नाडी, रक्तदाब, लघवी हे सगळं एकत्र मांडायचं आणि ऑपरेशननंतर कोणाला धोका आहे ते आधी ओळखायचं. गुरुवारी तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रक्तातला आकडा, १.० वरून १.२ झालं होतं. तेवढ्याने कोणी धावत येत नाही. जोडीला लघवी कमी दिसली असती, तर लगेच हृदयाची सोनोग्राफी झाली असती. हृदयाभोवती रक्त साचत होतं, बाबा, म्हणून लघवी कमी होत होती. त्याची पहिली खूण तुम्ही नळाच्या पाण्याने बुजवलीत.

आणि तुम्ही मापारी! तीस वर्षं दारव्ह्याच्या बाजारात कापूस तोललात. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस मुठीत घेताच ओळखायचात. "याले पाणी काहून पाजलं, भाऊ? तहान लागली होती का?" चारचौघांत असं विचारायचात, माणूस मान खाली घालून गाडी वळवायचा. तुम्हाला कोणी विचारायचं?

पण दोनशेचा आकडा तुम्हाला कोणी सांगितला? मीच. बुधवारी खाटेपाशी उभी राहून म्हणाले, सहा तासांत दोनशेच्या वर पाहिजे. तुम्ही म्हणालात, "पास व्हाले किती लागते तेवढं सांग, बाकी मी पाह्यतो." मी हसले होते. ज्याचं माप घ्यायचं, त्यालाच मी हवा तो आकडा सांगून बसले.

तो कागद मंगळवारी संध्याकाळी लॅबमध्ये जमा होईल आणि पुढच्या पेशंटसाठी वापरतील. अडीचशे तसेच ठेवले, तर लघवी चांगली असतानाही माणूस जातो, असं त्यातून निघेल. मग कोणाची तरी खरोखर कमी झालेली लघवी हलक्यात घेतली जाईल. म्हणून मला खरा आकडा हवा आहे. तो दोघांनाच माहीत आहे. तुम्हाला आणि आईला.

आताच तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबाचा कागद पास झाला होता न वं?"

मी हो म्हणाले.

कागदावर मी खोटं ठेवणार नाही, हे वचन. आईला विचारावं लागलं तर तेही मीच विचारीन, दुसरं कोणी नाही.

मगात पाणी टाकण्याआधी लघवी किती होती, ते मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा.

तुमची,
रेश्मा